इंग्रजीतल्या शब्दांच्या जाती : आधी वाक्य बघा, मग शब्द

शब्दांच्या जाती म्हटलं की बहुतेकांना शाळेतला तक्ता आठवतो. नाऊन, प्रोनाऊन, ॲडजेक्टिव्ह, व्हर्ब, ॲडव्हर्ब, प्रिपोझिशन, कंजंक्शन, इंटरजेक्शन, प्रत्येकासमोर एका ओळीची व्याख्या आणि चार उदाहरणं, ते पाठ करायचं, पेपरात लिहायचं आणि मार्क घ्यायचे. पुढे नोकरीत एखादा साधा ईमेल लिहायची वेळ येते तेव्हा मात्र तो तक्ता काहीच कामाला येत नाही आणि माणूस म्हणतो की माझं ग्रामर कच्चं आहे. मला वाटतं कच्चा तो तक्ताच आहे, कारण त्यात प्रत्येक शब्द एकटा उभा केलेला असतो आणि इंग्रजीत एकट्या शब्दाची जात बऱ्याचदा सांगताच येत नाही.

'बॅक' हा शब्द घ्या. 'माय बॅक हर्ट्स' म्हटलं की पाठ दुखतेय, तिथे तो नाऊन. 'यूज द बॅक डोअर' मध्ये मागचा दरवाजा, तिथे ॲडजेक्टिव्ह. 'कम बॅक' मध्ये परत ये, म्हणजे ॲडव्हर्ब. आणि 'शी बॅक्ड द कार' मध्ये तिने गाडी मागे घेतली, तिथे सरळ व्हर्ब, भूतकाळाचा प्रत्ययसुद्धा लागला. शब्द तोच, स्पेलिंग तेच, जाती चार. एकच माणूस एका घरात जावई असतो आणि दुसऱ्या घरात मामा, तसंच हे, नातं कुणाशी ते कळल्याशिवाय हाक कशी मारणार. म्हणून कुणी तुम्हाला विचारलं की 'लाइट' कोणत्या जातीचा शब्द आहे, 'फास्ट' कोणत्या जातीचा, तर आधी वाक्य मागा. वाक्य दिलं नाही तर प्रश्नच अर्धवट आहे.

मराठीत आपल्याला ही सवय नसते, कारण आपल्याकडे शब्द आपली ओळख बरोबर घेऊन फिरतो. 'आजीने नातवाला बोलावलं' म्हणा किंवा 'नातवाला आजीने बोलावलं' म्हणा, कुणी कुणाला बोलावलं यात काडीचाही फरक पडत नाही, कारण 'ने' आणि 'ला' शब्दाला चिकटलेले आहेत. इंग्रजीत 'ग्रॅनी कॉल्ड द बॉय' आणि 'द बॉय कॉल्ड ग्रॅनी' ही दोन वेगळी वाक्यं झाली, जागा बदलली की अर्थ उलटा. जे काम मराठीत प्रत्यय करतात ते इंग्रजीत जागा करते आणि आजूबाजूचे छोटे शब्द करतात, आणि एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं निम्मं ग्रामर आपोआप उलगडत जातं, मी हे शिकवताना पुन्हापुन्हा पाहिलंय.

आता तक्त्यातल्या या आठ जाती आल्या कुठून तेही जरा बघू, कारण त्या आकड्याला आपण फार पवित्र मानतो. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या सुमाराला डायोनिसियस थ्रॅक्स नावाचा ग्रीक व्याकरणकार होऊन गेला, त्याच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात शब्दांचे आठ भाग आहेत. त्याच्या यादीत आर्टिकल म्हणजे 'द' सारखा शब्द होता, पार्टिसिपल म्हणजे धातुसाधित वेगळं होतं, पण ॲडजेक्टिव्ह वेगळं नव्हतं, ते नाऊनमध्येच मोडायचं. रोमन लोकांनी ही यादी लॅटिनसाठी घेतली, लॅटिनमध्ये आर्टिकल नाही म्हणून ते काढलं आणि आकडा भरायला इंटरजेक्शन आत घेतलं. इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण विल्यम बुलोकारने १५८६ मध्ये काढलं, तेही लॅटिनच्याच वळणाचं. पुढे १७९५ मध्ये लिंडली मरेचं व्याकरण आलं, ते प्रचंड चाललं, आणि त्यात जाती आठ नाहीत, नऊ आहेत, कारण त्याने आर्टिकल वेगळं मोजलं. आणि आपल्याकडे १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचं व्याकरण लिहिलं तेव्हा संस्कृतची परंपरा त्यांना माहीत होतीच, पण इंग्रजी व्याकरणाचा साचाही समोर होता, त्यामुळे नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी हे आपले आठ आणि इंग्रजीचे आठ असे बरोबर एकासमोर एक बसतात. संस्कृतात यास्क नावाच्या प्राचीन आचार्याने चारच सांगितले होते, नाम, आख्यात म्हणजे क्रियापद, उपसर्ग आणि निपात म्हणजे अव्ययं. व्याकरणकार पाणिनीचं तर दोनात भागतं, सुबन्त म्हणजे विभक्तीचे प्रत्यय घेणारे आणि तिङन्त म्हणजे क्रियापदाचे प्रत्यय घेणारे. तेव्हा आठ हा काही निसर्गाचा नियम नाहीये, ती एक सोयीची वाटणी आहे आणि काही ठिकाणी ती फाटते, ते पुढे येईलच.

मग जात ओळखायची कशी? एक गंमत करून बघा. हे वाक्य मी मनानेच बनवलंय, यातले चार शब्द तुम्हाला कधी भेटले नसतील : 'द प्लिम वॉज ड्रॉकिंग थ्री ग्लेव्ही स्नूफ्स'. अर्थ शून्य. तरी मला सांगा की काम कोण करत होतं? प्लिम. काय करत होतं? ड्रॉक. किती आणि कसले? तीन, ग्लेव्ही. म्हणजे 'प्लिम' नाऊन कारण त्याच्या आधी 'द' आहे आणि नंतर 'वॉज', 'ड्रॉकिंग' व्हर्ब कारण 'वॉज' नंतर 'इंग' लावून आलंय, 'स्नूफ्स' नाऊन कारण तिनाच्या पुढे आणि शेवटी 'स', आणि 'ग्लेव्ही' आकडा आणि नाऊन यांच्या मध्ये सापडलंय म्हणून ॲडजेक्टिव्ह. व्यक्ती-वस्तू-ठिकाण ही व्याख्या इथे काहीच करू शकली नसती, तुम्ही जागा, शेजारी आणि शेपूट यावरून ओळखलंत. खऱ्या वाक्यातही तेच करायचं.

बोलताना आणखी एक खूण असते जी लिहिताना दिसत नाही, ती म्हणजे आघात. 'रेकॉर्ड', 'प्रेझेंट', 'ऑब्जेक्ट', 'परमिट' असे बरेच दोन तुकड्यांचे शब्द आहेत, जोर पहिल्या तुकड्यावर दिला की नाऊन, दुसऱ्यावर दिला की व्हर्ब. भेटवस्तू असेल तर 'प्रे'वर जोर, सादर करणं असेल तर 'झेंट'वर, आणि सुरुवातीचा स्वरही मऊ होऊन 'प्रि'सारखा ऐकू येतो. मराठीत आघाताने शब्दाची जात बदलत नाही म्हणून आपला कान तिकडे जात नाही आणि आपण दोन्हीकडे एकसारखंच बोलतो. सगळ्या शब्दांना हे लागू नाही, पण ज्यांना आहे तिथे ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

आता जातीनंतर कॅटेगरी, म्हणजे लिंग, वचन, विभक्ती, पुरुष, काळ वगैरे. मराठीत आपण विकारी आणि अविकारी असं शिकतो, विकारी म्हणजे ज्यांचं रूप बदलतं ते. इंग्रजीत रूप बदलणं इतकं कमी राहिलंय की शब्दाला चालवणारे नियमित प्रत्यय मोजून आठ आहेत. नाऊनचे दोन, अनेकवचनाचा 'स' आणि मालकीचा ॲपॉस्ट्रॉफीवाला 'स'. व्हर्बचे चार, 'ही गोज' मधला 'स', भूतकाळाचा 'ड', 'हॅव' नंतर येणारं तिसरं रूप आणि 'इंग'. ॲडजेक्टिव्हचे दोन, 'अर' आणि 'एस्ट'. संपलं. मराठीत एका 'करणे' ची रूपं लिहायला बसलात तर पान भरेल, करतो, करते, करतं, करतोस, करतेस, करता, करतात, केला, केली, केलं... आणि इंग्रजीत नेहमीच्या व्हर्बची चार-पाच रूपं असतात. सगळ्यात श्रीमंत 'बी', त्याची आठ : बी, ॲम, इज, आर, वॉज, वर, बीन, बीइंग.

आधी नाऊन घेऊ. लिंग हा विषय इंग्रजीत जवळजवळ मेलाय, आणि मराठी माणसासाठी ही सुटकाच आहे, कारण आपण इंग्रजी शब्द आणले की त्यांनाही लिंग चिकटवतो, ती बस, तो ट्रक, ते तिकीट, आणि पेन तो की ते यावर वाद घालतो. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत आपल्यासारखीच तीन लिंगं होती, सूर्य स्त्रीलिंगी होता, चंद्र पुल्लिंगी होता, आणि आजच्या 'वाइफ' चा जो पूर्वज शब्द, ज्याचा अर्थ बाई, तो चक्क नपुंसकलिंगी होता. पुढे शब्दांची शेपटं झिजत गेली आणि त्याबरोबर लिंग आणि विभक्तीही गेल्या. आज लिंग फक्त 'ही', 'शी', 'इट' मध्ये दिसतं, आणि ते खऱ्या बाई-पुरुषावरून ठरतं. 'गुड बॉय', 'गुड गर्ल', 'गुड बॉईज', विशेषण जागचं हलत नाही.

वचन मात्र जिवंत आहे आणि आपल्या सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. इंग्रजी नाऊनची खरी फाळणी मोजता येणारे आणि न येणारे अशी आहे. 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'फर्निचर', 'लगेज', 'इक्विपमेंट' हे इंग्रजी माणसाच्या डोक्यात पाण्यासारखे, त्यांना 'स' लागत नाही, 'अ' पण लागत नाही, मोजायचंच असेल तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस'. आपण मराठीत सल्ले देतो, सूचना देतो, मग 'ॲडव्हायसेस' लिहितो. यात लॉजिक शोधत बसू नका, कारण ते वस्तूत नाहीये, भाषेने त्या वस्तूकडे कसं बघितलं त्यात आहे. आपण 'माझे केस गळतात' म्हणतो, ते 'माय हेअर इज फॉलिंग आउट' म्हणतात, एकवचन. आपली कात्री एक, त्यांची 'सीझर्स' कायम अनेकवचनी. 'न्यूज' ला शेवटी 'स' असून 'न्यूज इज', आणि 'पोलीस' ला अनेकवचनाचा 'स' नसून 'पोलीस आर'. हे प्रत्येक शब्दाबरोबरच शिकायचं, नवीन नाऊन वहीत लिहिताना शेजारी मोजता येतो की नाही एवढी खूण केलीत तरी खूप झालं.

विभक्ती नाऊनमध्ये मालकीपुरती उरलीये, पण प्रोनाऊनने जुनं घर राखलंय. 'आय, मी, माय', 'ही, हिम, हिज', 'दे, देम, देअर'. म्हणून 'बिटवीन यू अँड मी' बरोबर आणि 'बिटवीन यू अँड आय' चूक, कारण प्रिपोझिशननंतर कर्त्याचं रूप येत नाही. नाऊनला हे कळतच नाही, 'राम' कुठेही 'राम' च. प्रोनाऊनमध्ये काही ठिकाणी आपण जास्त श्रीमंत आहोत, 'वुई' म्हणताना ऐकणारा त्यात धरलाय की नाही हे इंग्रजीत कळत नाही, आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' असं स्वच्छ वेगळं आहे.

आता तो भाग जिथे आठची वाटणी फाटते. 'अ', 'द', 'माय', 'धिस', 'सम', 'एव्हरी' हे शब्द कुठे टाकायचे? शाळेत यांना ॲडजेक्टिव्ह म्हणून सांगतात. पण जरा हलवून बघा. 'बिग' घ्या : 'अ बिग हाउस', 'द बिग हाउस', 'व्हेरी बिग', 'बिगर', 'द हाउस इज बिग', सगळं चालतं. आता 'माय' घ्या : 'द माय हाउस' नाही चालत, 'व्हेरी माय' नाही, 'द हाउस इज माय' नाही. 'बिग रेड हाउस' मध्ये दोन विशेषणं शेजारी बसली, पण 'द' आणि 'माय' एकत्र बसतच नाहीत, कारण दोघांची खुर्ची एकच आहे. ज्यांची खुर्ची एक त्यांची जात एक, म्हणून आजचे व्याकरणकार यांना वेगळं काढतात आणि डिटर्मिनर म्हणतात. मराठीत 'हे माझं घर' असं दोन्ही शेजारी आरामात चालतं, म्हणून 'धिस माय हाउस' आपल्या तोंडून सहज जातं.

आर्टिकल हा आपल्यासाठी सगळ्यात अवघड डिटर्मिनर, कारण मराठीत तो नाहीच. ऐकणाऱ्याला कुठली वस्तू ते माहीत असेल किंवा संदर्भाने कळणार असेल तर 'द', माहीत नसेल आणि वस्तू एक आणि मोजता येणारी असेल तर 'अ', एवढ्याने बरंचसं निभतं. आणि 'अ' की 'ॲन' यासाठी मराठी लोकांकडे एक फार सोपी युक्ती आहे जी इंग्रजी पोरांकडेही नाही. शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर आलं तर 'ॲन', व्यंजन आलं तर 'अ'. 'अवर', 'ऑनेस्ट', 'एमएलए', 'एफआयआर', 'एक्स-रे', सगळे स्वराने सुरू, म्हणून 'ॲन'. 'युनिव्हर्सिटी', 'युनिफॉर्म', 'वन-वे', सगळे 'य' आणि 'व' ने सुरू, म्हणून 'अ', इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिलं अक्षर काहीही असो. फक्त वर्ष या अर्थाचा 'इयर' जपून, तो आपण 'इ' ने लिहितो पण खरा उच्चार 'यिअर' आहे, म्हणून 'अ इयर', आणि कानाचा 'इअर' असेल तर 'ॲन इअर'.

व्हर्बकडे येऊ. शाळेत बारा टेन्स शिकवतात, प्रत्येकाचा फॉर्म्युला, आणि मुलं त्यात बुडतात. खरं तर यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्यात. एक काळ, म्हणजे कधी. दुसरी अवस्था, म्हणजे ती क्रिया चालू आहे, पूर्ण झालीये की नुसती सांगतोय. रूप बदलून दाखवला जाणारा काळ इंग्रजीत दोनच, वर्तमान आणि भूत, 'गो' आणि 'वेन्ट'. भविष्यासाठी व्हर्बला स्वतःचं रूपच नाही, 'विल' ची मदत घ्यावी लागते. अवस्थेसाठी दोन मदतनीस : चालू दाखवायला 'बी' आणि पुढे 'इंग', पूर्ण दाखवायला 'हॅव' आणि पुढे तिसरं रूप. ही जोडी पक्की, 'हॅव' नंतरचं व्हर्ब तिसऱ्याच रूपात येणार. 'हॅव बीन वर्किंग' मध्ये 'हॅव' ने 'बीन' आणलं आणि 'बी' ने 'इंग' आणलं, प्रत्येक मदतनीस आपल्या पुढच्याचं रूप ठरवतो, बस एवढी साखळी कळली की बारा फॉर्म्युले पाठ करायची गरज उरत नाही.

'हॅव' वाली अवस्था मराठी डोक्याला जरा फसवते. आपण 'मी त्याला काल भेटलोय' असं बोलून जातो आणि कुणाला खटकत नाही, पण इंग्रजीत 'आय हॅव मेट हिम येस्टरडे' चालत नाही. 'हॅव' म्हणजे गोष्ट मागे घडली पण तिचा धागा आत्तापर्यंत येतो, आणि 'येस्टरडे' म्हटलं की तो धागा तुटला. कधी ते सांगायचं असेल तर साधा भूतकाळ, 'आय मेट हिम येस्टरडे'.

'बी' सोडलं तर पुरुष आणि वचन व्हर्बमध्ये फक्त एका 'स' वर टिकलंय, 'ही रन्स'. गंमत अशी की हाच 'स' नाऊनला अनेकवचन करतो आणि व्हर्बला एकवचन, त्यामुळे 'द बॉय रन्स' आणि 'द बॉईज रन', साध्या वाक्यात 'स' बहुतेक वेळा दोघांपैकी एकाकडेच असतो. नेहमीच खरं नाही, 'चिल्ड्रन रन' मध्ये कुणाकडेच नाही, पण लिहून झाल्यावर तपासायला छान आहे. 'कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शॅल, शुड, विल, वुड' हे नऊ मात्र तो 'स' कधीच घेत नाहीत, 'ही कॅन्स' होत नाही, आणि यांच्यानंतर व्हर्ब एकदम मूळ रूपात येतं, 'ही कॅन गो', 'टू' पण नको आणि 'स' पण नको.

व्हॉइसबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथे होणारा घोटाळा वर्षानुवर्षं तसाच चाललाय. बऱ्याच मराठी माध्यमाच्या मुलांना सांगितलं जातं की ॲक्टिव्ह म्हणजे कर्तरी आणि पॅसिव्ह म्हणजे कर्मणी. आता 'रामने आंबा खाल्ला' बघा. मराठी व्याकरणात हा कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. मुलगा म्हणतो कर्मणी म्हणजे पॅसिव्ह, शिवाय 'ने' म्हणजे 'बाय', आणि लिहून टाकतो 'द मँगो वॉज ईटन बाय राम'. पण मराठी वाक्यात राम पूर्णपणे पुढे उभा आहे, त्यानेच खाल्लं असं आपण सांगतोय, ते इंग्रजीत साधं 'राम एट द मँगो'. मराठीतला प्रयोग म्हणजे क्रियापद कुणाच्या तालावर चालतं ते, आणि इंग्रजीतला व्हॉइस म्हणजे वाक्यात कर्त्याच्या खुर्चीवर कुणाला बसवलंय ते. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इंग्रजी पॅसिव्हला जवळचं मराठी म्हणजे 'आंबा रामकडून खाल्ला गेला', ज्याला आपल्या व्याकरणात कर्मकर्तरी किंवा नवीन कर्मणी म्हणतात. ही एक गोष्ट सहावी-सातवीत नीट सांगितली तर मुलांचे किती कष्ट वाचतील, आणि सांगायला एक तास पुरतो.

मूड म्हणजे बोलणाऱ्याचा पवित्रा, आपल्याकडे ज्याला क्रियापदाचा अर्थ म्हणतात. 'इफ आय वर यू' मध्ये 'आय' बरोबर 'वर' कसं आलं हे विचारतात. आपण 'मी तुझ्या जागी असतो तर' म्हणतो, तोच संकेतार्थ, खरं नाही हे दाखवायला रूप बदललंय. तसंच 'आय सजेस्ट दॅट ही गो', इथे 'गोज' नाही, कारण जाण्याची बातमी नाहीये, सूचना आहे.

ॲडजेक्टिव्हला एकच कॅटेगरी, तुलना. 'टॉल, टॉलर, टॉलेस्ट', लांब शब्दांना 'मोर' आणि 'मोस्ट', आणि दोन्ही एकत्र नाही, 'मोर बेटर' चूक. एक सांगायचं राहिलं, 'कॉलेज कॅन्टीन' मध्ये 'कॉलेज' कॅन्टीनबद्दल सांगतंय म्हणून ते ॲडजेक्टिव्ह होत नाही, 'व्हेरी कॉलेज' म्हणून बघा. ते नाऊनच, दुसऱ्या नाऊनच्या आधी बसलेलं, आणि तिथे बसलं की साधारणपणे एकवचनी होतं, म्हणून 'शू शॉप', 'फाइव्ह-रुपी कॉइन'.

ॲडव्हर्ब ही जात मला विचाराल तर अडगळीची खोली आहे. जे कुठेच बसत नाही ते इथे टाकलंय, 'व्हेरी', 'नॉट', 'येस्टरडे', 'क्विकली', 'हाउएव्हर', यांचं एकमेकांशी काही नातं दिसत नाही. 'ली' म्हणजे ॲडव्हर्ब हा नियम अर्धा खरा, 'फ्रेंडली' ॲडजेक्टिव्ह आहे, आणि 'फास्ट' ला 'ली' नसून तो दोन्ही आहे. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे खूप मेहनत करतो आणि 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे जवळजवळ कामच करत नाही, बॉसबद्दल लिहिताना जपून.

प्रिपोझिशन म्हणजे आपला शब्दयोगी, फक्त उलट्या बाजूला. आपण 'झाडाखाली' म्हणतो, झाडाचं आधी 'झाडा' होतं आणि मग 'खाली' चिकटतं, ते 'अंडर द ट्री'. प्रिपोझिशननंतर नाऊन लागतं, आणि व्हर्बच आणायचं असेल तर ते 'इंग' लावून, 'आफ्टर ईटिंग', 'विदाउट आस्किंग'. इथेच ऑफिसच्या ईमेलमधली ती प्रसिद्ध चूक होते, 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू'. 'टू' बघितला की हात आपोआप मूळ व्हर्ब लिहितो, कारण 'आय वाँट टू मीट यू' ची सवय. पण 'टू' दोन आहेत. 'वाँट टू' मधला 'टू' मूळ व्हर्बला जोडलेला, 'लुक फॉरवर्ड टू' मधला प्रिपोझिशन. ओळखायचं कसं, तर 'टू' च्या पुढे 'इट' ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' छान लागतं, म्हणजे प्रिपोझिशन, म्हणजे 'मीटिंग यू'. 'आय वाँट टू इट' लागत नाही, म्हणजे तिथे 'मीट'.

असाच घोळ 'ऑफ', 'अप', 'ऑन' चा. 'टर्न ऑफ द लाइट' मध्ये 'ऑफ' प्रिपोझिशनसारखा दिसतो पण तो व्हर्बचा जोडीदार आहे, कारण तो सुटून मागे जाऊ शकतो, 'टर्न द लाइट ऑफ', आणि 'इट' आलं तर जावंच लागतं, 'टर्न इट ऑफ'. 'लुक ॲट द लाइट' मधला 'ॲट' असा सुटत नाही, 'लुक इट ॲट' कुणी म्हणणार नाही, तो खरा प्रिपोझिशन.

कंजंक्शन दोन वाक्यं जोडतं, आणि इथे मराठी आपल्याला हळूच मागे खेचते. आपली बरीच उभयान्वयी जोडीने चालतात, जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा. म्हणून 'जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो' चं आपण 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेन्ट' करतो. इंग्रजीत दोन वाक्यांना एकच कंजंक्शन पुरतं, 'ऑल्दो' ठेवा किंवा 'बट' ठेवा. 'बिकॉज' आणि 'सो' चंही तेच. 'इफ' बरोबर 'देन' आलं तर चालतं, नाही आलं तरी चालतं, कारण 'देन' कंजंक्शन नाहीच, ॲडव्हर्ब आहे. आणि 'आफ्टर', 'बिफोर', 'सिन्स' दिसले की पुढे काय आहे ते बघा, 'आफ्टर लंच' मध्ये नुसतं नाऊन आहे म्हणून प्रिपोझिशन, 'आफ्टर वुई एट' मध्ये अख्खं वाक्य आहे म्हणून कंजंक्शन.

राहिलं इंटरजेक्शन, 'ओह', 'वाव', 'अरेरे' सारखे शब्द. त्यांचं वाक्याशी व्याकरणाचं काही नातं नसतं, कॅटेगरी नसते, काढून टाकले तरी वाक्य जसंच्या तसं उभं राहतं.